पाचशे बारा बाइटांचे कुलूप

मे २००२ च्या शेवटच्या आठवड्यात एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेने आपल्या अहवालमालेत एक निबंध काढला. लेखक अँड्र्यू हुआंग, विद्युत अभियांत्रिकीत पीएच.डी. करणारा विद्यार्थी, पुढे तो जगभर 'बनी' या टोपणनावानेच ओळखला गेला. यंत्राच्या पोटात गुपित लपवण्याची तंत्रे आणि त्यांच्या मर्यादा, असा रूक्ष विषय. उदाहरणादाखल घेतलेले यंत्र मात्र रूक्ष नव्हते. सहा महिन्यांपूर्वी, १५ नोव्हेंबर २००१ च्या मध्यरात्री, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या खेळण्यांच्या दुकानात खुद्द बिल गेट्स यांनी ज्याचा पहिला नग ग्राहकाच्या हाती दिला, तो मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स. किंमत २९९ डॉलर.

मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी खेळण्यांच्या धंद्यात आली ती काहीशी धास्तीने. मार्च १९९९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ जाहीर केला, आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीखाली उद्या सोनीचाच संगणक बसणार, ही शंका मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडच्या मुख्यालयात अनेकांना आली. विंडोजवर खेळ चालवणारे डायरेक्टएक्स हे तंत्र सांभाळणाऱ्या मंडळींतून कल्पना निघाली: शेमस ब्लॅकली, केव्हिन बाकस, टेड हेस आणि ओटो बर्कीस. म्हणणे सरळ होते. आपल्याला चिपा बनवता येत नाहीत, पण पीसी कळतो. तर पीसीच एका खोक्यात घालून खेळाचे यंत्र म्हणून विकू. मार्च २००० मध्ये गेट्स यांनी सॅन होजेच्या परिषदेत ते जाहीर केले. तोवर नमुना यंत्रांत एएमडीचा प्रोसेसर होता. अगदी ऐनवेळी सौदा फिरला आणि इंटेलचा आला. हा बदल ध्यानात ठेवावा, तो पुढे कामाला येणार आहे.

खोक्याचे स्क्रू काढले की पीसी जोडणाऱ्या कोणालाही आतली मंडळी ओळखीची वाटत. पेंटियम ३ च्या घराण्यातला ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट मेमरी, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ८ गिगाबाइटची साधी आयडीई हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, मागच्या बाजूला इथरनेटचे भोक. हातातल्या कंट्रोलरची वायर प्रत्यक्षात यूएसबीच होती. फक्त टोकाची पिन वेगळ्या आकाराची केली होती, म्हणजे दुसरे काही जोडता येऊ नये. आतली प्रणाली विंडोज २००० च्या गाभ्यातून छाटून काढलेली.

आणि तरीही मालकाला या पीसीवर काहीच करता येत नव्हते. डीव्हीडी ड्राइव्ह असूनही चित्रपट लावायचा तर वेगळा रिमोट संच विकत घ्यावा लागे. हार्ड डिस्क खेळाच्या नोंदी आणि सीडीवरून उतरवलेली गाणी ठेवण्यापुरतीच. नेटवर्कची सोय होती, पण त्यावरून घरातल्या दुसऱ्या संगणकावरचे छायाचित्रसुद्धा दिसत नसे.

या बंदिस्तपणाला धंद्याचे कारण होते. खेळाचे यंत्र तोट्यात विकायचे आणि प्रत्येक खेळाच्या विक्रीतून रॉयल्टी घेऊन तो तोटा भरून काढायचा, ही या व्यवसायाची जुनी रीत. त्यामुळे मायक्रोसॉफ्टला दोन गिऱ्हाइकांची भीती होती. एक, नकली खेळ चालवणारा. दुसरा, एकही खेळ न घेता या स्वस्त पीसीवर लिनक्स टाकून बसणारा. पहिला कायद्याने चोर ठरतो. दुसऱ्याने नेमका कोणता गुन्हा केला हे मला आजही सांगता येणार नाही. त्याने दुकानात पूर्ण पैसे मोजले होते. पण कंपनीने दोघांसाठी एकच कुलूप लावले, आणि माझ्या मते ही या सगळ्या प्रकरणातली मूळ चूक होती. कुलूप एकच असल्यामुळे दोघांना किल्लीही एकच लागणार होती.

आता ते कुलूप. संगणक सुरू झाला की प्रोसेसर पत्त्यांच्या यादीच्या अगदी टोकाकडच्या एका ठरलेल्या जागेवरून पहिली आज्ञा उचलतो. पीसीत तिथे बायॉसची चिप असते. एक्सबॉक्समध्येही तशी फ्लॅश चिप होती, पण ती काढून दुसरी बसवणे कोणालाही जमले असते. म्हणून मायक्रोसॉफ्टने खरी सुरुवात दुसरीकडे लपवली. एनव्हिडियाने बनवलेल्या साउथब्रिज चिपच्या आतच ५१२ बाइटांचा एक छोटा कार्यक्रम कोरून ठेवला. यंत्र चालू होताच तो जागा होई, फ्लॅशमधला पुढचा मजकूर आरसी४ या पद्धतीने उलगडे, तो ठीक आहे असे वाटल्यास त्याच्याकडे ताबा देई आणि स्वतः अदृश्य होई. पुढे गाभा प्रत्येक खेळावरची २०४८ बिटांची डिजिटल सही तपासे. सही नसलेला कार्यक्रम चालणार नाही. तात्पर्य, विश्वासाची सगळी साखळी या ५१२ बाइटांना टांगलेली होती.

हुआंगने आधी फ्लॅश चिप काढून वाचली. तिच्यातही सुरुवातीचा कार्यक्रम दिसत होता, पण त्याप्रमाणे मजकूर उलगडला की हाती निव्वळ कचरा येई. मग त्याने तो सुरुवातीचा भाग मुद्दाम बिघडवून पाहिला. यंत्र तरीही नेहमीसारखे सुरू झाले. म्हणजे प्रोसेसर तो भाग वाचतच नव्हता! दिसत होती ती हुलकावणी होती की जुन्या आवृत्तीचा राहून गेलेला अंश, यावर पुढे जाणकारांत मतभेद झाले; पण खरा कार्यक्रम दुसऱ्या कुठल्या तरी चिपच्या आत आहे, एवढे नक्की झाले.

चिप फोडून सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे महागडे काम. हुआंगने वेगळा विचार केला. कार्यक्रम साउथब्रिजमध्ये असला तरी तो चालवणार प्रोसेसर, आणि प्रोसेसर दुसऱ्या चिपमध्ये आहे. तेव्हा प्रत्येक आज्ञेला मदरबोर्डवरच्या तारांतून प्रवास करावाच लागेल, आणि तोही उघड्याने, कारण कूटबद्ध आज्ञा प्रोसेसरला कळणार नाहीत. कान कोणत्या तारेला लावायचा एवढाच प्रश्न उरला. मेमरीच्या मार्गावर १२८ वाहिन्या, प्रोसेसरच्या मार्गावर ६४. साउथब्रिज आणि तिच्या जोडीची नॉर्थब्रिज या दोन चिपांमधल्या हायपरट्रान्सपोर्ट मार्गावर मात्र प्रत्येक दिशेला फक्त आठ. अडचण एकच होती, त्या आठ वाहिन्यांवरून प्रत्येकी सेकंदाला ४० कोटी बिट धावत. एवढ्या वेगाने जाणारे कोण टिपणार, या भरवशावर मायक्रोसॉफ्टने गुपित तिथून जाऊ दिले असावे. हुआंगने मदरबोर्डवरचा हिरवा लेप खरवडून तारा उघड्या केल्या, त्यांवर बरोबर बसेल अशी छोटी पट्टी बनवून घेतली आणि पीएच.डी.च्या निमित्ताने हाताशी असलेला, हवे तसे परिपथ भरता येणारा एफपीजीए बोर्ड तिला जोडला. बिटांचा क्रम लावत बसल्यावर ५१२ बाइट हाती आले. त्यांत १६ बाइटांची आरसी४ किल्ली होती.

निबंधात किल्ली छापलेली नव्हती, ती कशी मिळवायची ते होते. पण निबंध बाहेर पडण्याआधीच वकिलांचे पर्व सुरू झाले होते. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या डीएमसीए कायद्याने प्रतरक्षणाचे कुलूप तोडणे, आणि तोडण्याचे साधन पुरवणे, हाच स्वतंत्र गुन्हा केला होता. आत शिरून तुम्ही काय केले हा प्रश्न नंतरचा. विद्यापीठाच्या कायदा विभागाने या कामाशी आपला संबंध नाही, असे पत्र विद्यार्थ्याला धाडले. एमआयटीसारख्या संस्थेने हात झटकावेत हे वाचताना आजही खटकते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था मदतीला आली, हॅल एबलसनसारखे प्राध्यापक पाठीशी उभे राहिले, आणि अखेर प्रयोगशाळेने निबंध आपल्या नावाने काढला. ऑगस्टमध्ये तो कूटशास्त्राच्या परिषदेत वाचलाही गेला. पुढच्या वर्षी हुआंगने याच विषयावर पुस्तक लिहिले, तर वायली या प्रकाशनाने कायद्याच्या धास्तीने ऐनवेळी माघार घेतली. त्याने ते आधी स्वतः छापून विकले, नंतर नो स्टार्च प्रेसने घेतले. २०१३ मध्ये माहितीच्या खुलेपणासाठी झगडणाऱ्या ॲरन स्वार्ट्झच्या मृत्यूनंतर त्याच्या स्मरणार्थ हुआंगने हे पुस्तक सर्वांना मोफत खुले केले.

किल्ली एकदा कळली म्हटल्यावर पुढचे सोपे होते, आणि ते इतके सोपे व्हायला नको होते. आरसी४ मध्ये उलगडायची आणि गुंडाळायची किल्ली एकच. त्यामुळे ती ज्याच्याकडे आहे त्याला स्वतःचा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टच्या वेष्टनात घालून देता येतो. उलगडलेला मजकूर अस्सल आहे की नाही हे पाहण्यासाठी पहिल्या आवृत्तीत फक्त शेवटचे काही बाइट ठरलेल्या संख्येशी ताडले जात. मधला मजकूर कितीही बदला, शेवट शाबूत ठेवला की झाले.

बदललेला मजकूर यंत्राला पाजण्याचे काम मॉडचिपने, म्हणजे बाहेरून जोडलेल्या चिपने, केले. सुरुवातीच्या चिपांना मदरबोर्डवर २९ वायरी सोल्डर कराव्या लागत. हात जरा हलला की यंत्र कायमचे गार. मग लक्षात आले की बोर्डवर कारखान्यातल्या तपासणीसाठी ठेवलेला सोळा छिद्रांचा एक एलपीसी जोड तसाच सोडून दिला आहे. फ्लॅशची एक वाहिनी जमिनीला जोडली की यंत्र आपण होऊन त्या जोडावर सुरुवातीचा मजकूर शोधू लागे. मग वायरी नऊ-दहावर आल्या, आणि पुढे तर स्प्रिंगच्या पिना असलेली, नुसती स्क्रूने आवळून बसवायची चिप आली. सोल्डरिंग आयर्न कधी हाती न धरलेला शाळकरी मुलगाही ती बसवू शकत होता.

मायक्रोसॉफ्टने कुलूप बदलले. साउथब्रिजची नवी आवृत्ती, नवी किल्ली, आणि या वेळी मजकुराचा ठसा तपासण्यासाठी टीईए ही पद्धत. एनव्हिडियाकडे जुन्या चिपांचा साठा पडून राहिला. पण टीईए या कामासाठी वापरू नये, हे कूटशास्त्रज्ञांनी काही वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते: तिच्यात ठराविक दोन बिट एकाच वेळी उलटे केले तर ठसा बदलत नाही. नेमके तसेच दोन बिट उलटवून एका उडीच्या आज्ञेचे ठिकाण बदलता आले आणि नियंत्रण भलत्याच जागी, मेमरीत जाऊन पडले.

आणि नवे गुपित वाचले कसे? त्यासाठी तर वेगवान तारांना कान लावण्याचीही गरज उरली नाही. इंटेलच्या प्रोसेसरला ऐंशीच्या दशकातल्या संगणकांशी जुळवून घेण्यासाठी ए२० नावाची एक पिन असे. ती जमिनीला जोडली की पत्त्यातला एक बिट शून्य होतो, प्रोसेसर शेजारच्याच जागेवरून सुरू होतो, गुप्त कार्यक्रम बाजूला राहतो आणि फ्लॅशमधला आपला कार्यक्रम त्या गुप्त कार्यक्रमाला निवांत वाचून काढतो. डॉसच्या काळातल्या प्रणालींसाठी राखलेली ही सोय एक्सबॉक्समध्ये कोणाच्याच उपयोगाची नव्हती. पीसी आणला, त्यासोबत पीसीची अडगळही आली.

एएमडीचा किस्सा इथलाच. गडबड आढळली तर गुप्त कार्यक्रम स्वतःला बंद करी आणि पत्त्यांच्या यादीच्या अगदी शेवटच्या आज्ञेवर थांबे. पुढे पत्ताच नाही, म्हणून प्रोसेसर चूक नोंदवून कोलमडेल, असा हिशेब. एएमडीचे प्रोसेसर तसेच वागतात. इंटेलचे मात्र यादीच्या टोकावरून मुकाट शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर येतात आणि तिथे जे असेल ते चालवू लागतात. 'व्हायझर' या टोपणनावाच्या कोणीतरी हे हेरले आणि शून्यावर आपली आज्ञा आधीच मांडून ठेवली. संकटात दार बंद करण्याची तरतूद हेच दार झाले. मायकेल स्टाइल या जर्मन अभियंत्याने २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या अशा सतरा चुका मोजून दाखवणारा निबंध लिहिला. सुरक्षाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो अजूनही वाचावा, आणि त्यातला मिस्कील सूरही अनुभवावा.

स्टाइल हा एक्सबॉक्सवर लिनक्स चालवू पाहणाऱ्या गटाचा प्रवर्तक. २००२ च्या उन्हाळ्यात या गटामागे एका निनावी दात्याने दोन लाख डॉलरचे इनाम लावले: एक लाख लिनक्स चालवून दाखवण्यासाठी, दुसरे एक लाख खोक्याला हात न लावता तेच करण्यासाठी. जानेवारी २००३ मध्ये दाता स्वतःहून पुढे आला. लिंडोज कंपनीचा मालक मायकेल रॉबर्टसन, ज्याचा नावावरूनच मायक्रोसॉफ्टशी खटला चालू होता. त्याच सुमारास काही उत्साही मंडळी हजारो घरांतले रिकामे संगणक जोडून ती २०४८ बिटांची सही नुसत्या तर्काने फोडायला निघाली होती. गणित येणाऱ्या कोणीही सांगितले असते की सूर्य विझेपर्यंत ते जमणार नाही.

पहिला लाख लवकर साधला. मायक्रोसॉफ्टचा एकही बाइट न वापरता लिहिलेला, क्रॉमवेल नावाचा सुरुवातीचा कार्यक्रम मॉडचिपवर टाकून लिनक्स चालू झाले. दुसऱ्यासाठी वाट मार्च २००३ मध्ये सापडली, तीही '००७: एजंट अंडर फायर' या जेम्स बाँडच्या खेळातून. खेळ अस्सल, सही अस्सल. पण खेळाडूने जतन केलेली नोंद वाचताना तिची लांबी तो तपासत नसे. प्रमाणाबाहेर लांब नोंद दिली की ती मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर सांडे आणि सांडलेला भाग आज्ञा म्हणून चालू लागे. वेगासाठी सगळे खेळ यंत्राच्या गाभ्याच्याच अधिकारात चालत असल्याने एका खेळात शिरणे म्हणजे सगळ्या यंत्रात शिरणे. नंतर 'मेकअसॉल्ट'मध्येही तसेच छिद्र निघाले, आणि तो तर मायक्रोसॉफ्टनेच प्रकाशित केलेला खेळ! छापून विकलेल्या डीव्हीडी परत घेता येत नाहीत. त्या खेळाची पहिली छपाई शोधत लोक जुन्या खेळांच्या दुकानांतून हिंडू लागले.

मग जुलै आला. 'फ्री-एक्स' म्हणवणाऱ्या एका गटाला यंत्राच्या मुख्य पडद्याच्या अक्षरसंचात दोष सापडला होता. त्याच्या आधारे एकदा बदल केला की यंत्र कायमचे मोकळे. दर वेळी खेळाची डीव्हीडी घालायला नको. त्यांनी मायक्रोसॉफ्टला कळवले: लिनक्स सुरू करणारा एक छोटा कार्यक्रम तुमच्या सहीने द्या, फक्त लिनक्सच चालेल असा, मग आम्ही हा दोष उघड करणार नाही. उत्तर आले नाही. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांनी तो जाहीर केला. याला खंडणी म्हणावे की वाटाघाट? भाषा धमकीचीच होती यात शंका नाही. पण मागणी मान्य झाली असती तर लिनक्सवाले घरी गेले असते आणि नकली खेळवाल्यांना तो दोष स्वतःच शोधावा लागला असता. सोनीने त्याआधीच्या वर्षी प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच स्वतःच विकायला काढला होता.

मोकळ्या झालेल्या खोक्याचे लोकांनी काय केले? आधी डिस्क बदलली. मूळ डिस्कला त्या-त्या यंत्रापुरता परवलीचा शब्द घातलेला असे. तो कळेपर्यंत धीर नसलेले लोक यंत्र चालू असताना, डिस्क उघडलेली असतानाच तिची चपटी वायर उपसून पीसीला जोडत. ही हिकमत कोणत्याही पुस्तकात शिफारस करण्याजोगी नाही, पण बहुधा चालत असे. मदरबोर्डवर मेमरीच्या चार जागा रिकाम्या होत्या, कारण खेळ बनवणाऱ्यांना दिलेल्या यंत्रांत १२८ मेगाबाइट असत आणि बोर्ड तोच होता. पक्क्या हाताच्या मंडळींनी तिथे चार चिपा बसवून मेमरी दुप्पट केली. काही धंदेवाईकांनी प्रोसेसरच काढून १.४ गिगाहर्ट्झचा बसवून दिला. जुन्या निन्टेन्डो आणि सेगाचे खेळ चालवणारे अनुकारक आले. कंट्रोलरची वायर कापून तिला यूएसबीचे साधे टोक जोडले की कीबोर्डही चाले.

यात सर्वांत दूरवर गेला तो एक्सबॉक्स मीडिया प्लेयर. २००२ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांना फक्त टोपणनावाने ओळखणाऱ्या लोकांनी तो सुरू केला. 'फ्रोडो' नावाने वावरणारा डच प्रोग्रॅमर त्यांतला एक. संगणकातल्या फिती, गाणी, छायाचित्रे घरातल्या नेटवर्कवरून ओढून टीव्हीवर दाखवायची, एवढेच काम. आज प्रत्येक टीव्हीत ती सोय असते, म्हणून तेव्हाची नवलाई समजायला थोडी कल्पना करावी लागते. डीव्हीडीचा वेगळा रिमोट संच नको, कोणत्याही प्रकारची फाइल चालते, आणि सगळे सोफ्यावर बसून. २९ जून २००४ ला त्याचाच पुढचा अवतार एक्सबॉक्स मीडिया सेंटर, लघुरूपात एक्सबीएमसी, याची पहिली अधिकृत आवृत्ती आली. तिचे दुखणे वेगळेच होते. ती बांधायला मायक्रोसॉफ्टचा विकसन-संच लागे आणि तो परवानाधारकांनाच मिळे. म्हणून या गटाने मूळ संहिता तेवढी उघड ठेवली; बांधून तयार कार्यक्रम इतर कोणीतरी, कुठून तरी, हळूच पुरवत असे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर मान्य करायला हवे की बहुतेक मॉडचिपा लिनक्ससाठी बसल्या नाहीत. मोठी डिस्क म्हणजे भाड्याने आणलेले खेळ उतरवून ठेवायची जागा. ऑक्टोबर २००४ मध्ये 'हेलो २' या खेळाची फ्रेंच प्रत विक्रीच्या काही आठवडे आधी फुटली, तेव्हा ती खेळणारे सगळे मोकळ्या केलेल्या खोक्यांवरच खेळत होते. मायक्रोसॉफ्टचे हत्यार होते एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा. बदललेले यंत्र दिसले की ते यंत्र कायमचे बाद. मग चिपवर बंद-चालूचे बटण आले.

कायद्याचा फटका विकणाऱ्यांना बसला. सप्टेंबर २००२ मध्ये हाँगकाँगच्या लिक-सँग या दुकानावर मायक्रोसॉफ्ट, सोनी आणि निन्टेन्डो तिघांनी मिळून दावा लावला. अमेरिकेत एनिग्मा नावाची चिप विकणाऱ्या एका संकेतस्थळाच्या मालकाने गुन्हा कबूल केला. त्याला पाच महिने तुरुंगवास झाला आणि संकेतस्थळाचे नाव सरकारजमा झाले. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑक्टोबर २००५ मध्ये, प्लेस्टेशनच्या चिपांबाबत सोनीविरुद्ध निकाल दिला: डिस्क अस्सल आहे की नाही हे पाहणारी यंत्रणा नक्कल करण्यापासून रोखत नाही, ती फक्त नक्कल चालू देत नाही; तेव्हा तिला बगल देणारी चिप कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. तो आनंद अल्पकाळ टिकला. अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारानुसार ऑस्ट्रेलियाने पुढच्या वर्षी कायदाच बदलला.

आपल्याकडे मूळ एक्सबॉक्स अधिकृतपणे आलाच नाही. सप्टेंबर २००६ मध्ये आला तो त्याचा पुढचा भाऊ, ३६०. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर त्या काळात चिप बसवून मिळे ती प्लेस्टेशन २ ला, आणि अनेक घरांत ते यंत्र चिपसकटच पोचले. तेव्हा त्याविरुद्ध डीएमसीएसारखे कलम भारतात नव्हते. ते २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात आले, कलम ६५-अ. त्यात एक शहाणपणाची अट आहे: कुलूप तोडणाऱ्याचा हेतू प्रताधिकाराचा भंग करण्याचा असला पाहिजे. लिनक्सवाला आणि नकली खेळवाला यांत हा कायदा निदान कागदावर तरी फरक करतो. अमेरिकेत त्याच मुद्द्यावर हुआंगने २०१६ मध्ये सरकारलाच न्यायालयात खेचले. तिथे त्याला यश आले नाही.

मूळ एक्सबॉक्स सुमारे २ कोटी ४० लाख विकला गेला आणि मायक्रोसॉफ्टला त्यात अब्जावधी डॉलरची खोट आली. त्यातली मॉडचिपांची म्हणावी अशी किती, याचा हिशेब कोणाला मांडता आलेला नाही. एक्सबीएमसीचे मात्र उलटे झाले. हाय डेफिनिशन चित्रफिती आल्या आणि ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर धापा टाकू लागला, तेव्हा २००७ मध्ये तो कार्यक्रम लिनक्सवर नेण्यात आला, मग मॅकवर, विंडोजवर. मॅकच्या फांदीतून प्लेक्स हा कार्यक्रम निघाला. २०१० मध्ये मुख्य गटाने एक्सबॉक्सचा नाद सोडला. २०१४ मध्ये नावही बदलले: कोडी. डिसेंबर २०१७ मध्ये हा कोडी पुन्हा एक्सबॉक्सवर आला. या वेळी एक्सबॉक्स वनवर, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या दुकानातून, रीतसर सहीसकट. ती पहिली आवृत्ती अर्धवट होती. मायक्रोसॉफ्टच्या कुंपणात राहायचे असल्यामुळे तिला यंत्राच्या ब्लू-रे ड्राइव्हला हात लावता येत नव्हता, त्यामुळे खोक्यात चकती घालून चित्रपट पाहायचा असेल तर हा कोडी उपयोगाचा नव्हता; एक्सबीएमसी टाकलेल्या २००१ च्या जुन्या एक्सबॉक्सला मात्र ते जमत असे.